लाईटीची आंघोळ

बांधावरून चुलतभावांची डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा सुग्रीव मेंढरं घेऊन सरळ माळाला निघून गेला होता. मेव्हण्याच्या लग्नात त्याला आहेर करायचा राहून गेला, तर हा जेवून, हात धुऊन, सगळ्यांना रामराम घालून परत आला. असा माणूस. अडुसष्ट वर्षांत त्याला एकही वैरी मिळाला नव्हता. शेवटी मिळाला तो कोण, तर लोखंडी पाइपावर बसवलेली वीतभर लाईट.

माणसानं जळायचं तर शेजाऱ्याच्या बैलजोडीवर जळावं, भावाच्या विहिरीवर जळावं. त्याला काही रीत आहे. लाईटीवर जळणारा माणूस सिरसाळ्याच्या आसपास हा एकच असावा.

सिरसाळ्याहून परळीकडं जाताना डाव्या हाताला आत चार घरांची वस्ती आहे. त्यातलं शेवटचं घर सुग्रीवचं. घरापासून शंभरएक पावलांवर, लिंबाच्या झाडाखाली, तारेच्या जाळीचा मेंढरांचा वाडा. आत पन्नास मेंढरं आणि सात शेळ्या. आणि वाड्याच्या फाटकापाशी सुग्रीवची बाज. ही बाज तिथं पडली ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्याआधी तो बापामागं मेंढरं घेऊन पार आष्टीच्या पलीकडं हिंडायचा, मिळेल त्या रानात झोपायचा. पुढं तुकडाभर जमीन झाली, वस्ती झाली, पण घराच्या छपराखाली त्याला काही झोप लागेना. म्हणून बाज वाड्यावर. ऊन असो, थंडी असो, घरी फक्त जेवायला जायचं.

आणि राखणदार म्हणून तो होता पण तसाच. डोळे मिटून पडला तरी कोणती मेंढी शिंकली ते सांगायचा. लांडगा जवळ आला की कुत्रं भुंकायचं थांबतं, आणि सुग्रीवला जाग यायची ती त्या शांततेनं. पस्तीस वर्षांत त्याच्या वाड्यातून एक कोकरू गेलं नव्हतं. लोक बोलायचे, "सुग्रीवबा बाजंवर हायेत ना, मंग झोपा निवांत." पण त्याला सगळ्यांत गोड लागलं होतं ते बायकोचं बोलणं. नवी नवरी असताना रतनबाई एकदा म्हणाली होती, "वाड्यावरून तुमचा खोकला ऐकू आला की मगच मला झोप लागती." सुग्रीवनं ते वाक्य जन्मभर कनवटीला लावून ठेवलं. पुढं कित्येकदा तो खोकला आलेला नसतानाही खोकला.

मागच्या पौषात मात्र घोटाळा झाला. पहाटे उठताना चक्कर येऊन तो बाजेखाली पडला, आणि रतनबाई शेळ्यांचं दूध काढायला आली तेव्हा गारठलेला सापडला. सुग्रीवच्या मते पाय सरकला होता. मुलाच्या, भागवतच्या मते बापाचं वय झालं होतं. भागवत सिरसाळ्याच्या बाजारात आडतीवर मापाडी. माप घालणारा माणूस, एकदा बोलला की त्यात घट-वाढ नाही. त्यानं घोषा लावला, "आबा, बाज घरी आणा." सुग्रीव नाही म्हणायचा. उन्हाळा गेला, अर्धा पावसाळा गेला, आणि पोळा झाल्यावर एक दिवस ती लाईट आली.

बसवली कुणी, तर सुनेनं. सत्यशीलानं परळीला आयटीआयमध्ये वायरमनचं शिक्षण घेतलेलं. वस्तीवरची मोटार जळो की पंखा अडो, लोक तिलाच हाक मारतात. तिनं वाड्याच्या कोपऱ्यात पाइप रोवला, वर लाईट बसवली, आणि लाईटीच्या खाली लिंबाएवढा एक पांढरा गोळा अडकवला.

"ह्यो सेन्सर, मामा," ती सासऱ्याला म्हणाली. "अंधार पडला की जागा होतो. ह्याच्याम्होरं काय बी हाललं की लाईट लागती, आन् दीड मिनिटानं आपली आपण विझती."

"हाललं ते काय हाय, ते कळतं का त्येला?" सुग्रीवनं विचारलं.

"ते न्हाई कळत."

"मला कळतं," सुग्रीव म्हणाला, आणि वळून तंबाखू मळू लागला.

पण ते ऐकायला थांबलंय कोण? पहिल्या संध्याकाळी सगळी वस्ती जत्रेला आल्यासारखी गोळा झाली. बायका लाईटीपुढून जायच्या, ती लागायची, बायका हसायच्या. शेजारचा सोमेश्वर तर म्हणाला, "सुग्रीवबा, आता तुमची नोकरी गेली बघा. बाज न्या घरी, लाईट राखती वाडा." सगळे हसले. सुग्रीवही हसला, आणि बाजेवर जाऊन बसला. भागवतनं लाईट कशासाठी आणली, ते आता त्याला नीट समजलं. बाप सांगून उठेना, म्हणून बापाच्या जागी दुसरा राखणदार आणून उभा केला.

तेव्हापासून तो लाईटीचे गुन्हे शोधू लागला. आणि गुन्हे सापडलेही. त्यानं बाजेवरून नुसता पाय खाली सोडला की लाईट भक्कन डोळ्यांत. पण पलीकडच्या अंगाला मेंढरं एकमेकांना ढुसण्या देत होती, तिथं हिला पत्ता नाही. एकदा तर एक कोकरू जाळीखालून बाहेर निघालं, चांगलं नाचलं, आणि ही आपली गप्प अंधारात. "आंधळी हाय ती," तो भेटेल त्याला सांगायचा. "राखायचं मेंढरांना आन् बघत बसती माझ्याकडं." एका तिन्हीसांजेला तर त्यानं वस्तीवरचे लोक जमवले, घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि अडुसष्टाव्या वर्षी चार पायांवर, हळूहळू, लाईटीखालून रांगत गेला. लाईट लागली नाही. जाड लोकरीतून तिला माणूस कळलाच नाही. सुग्रीव ताठ उभा राहिला आणि ओरडला, "बघा! चोर असा आला तर?" त्याबरोबर लाईट लागली आणि घोंगडं पांघरलेला, गुडघ्याला लेंड्या चिकटलेला म्हातारा सगळ्यांना लख्ख दिसला. सोमेश्वर चार दिवस तेवढंच सांगत फिरत होता.

हेही त्यानं सोसलं असतं. सोसवलं नाही ते रतनबाईचं वागणं.

लाईट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी रतनबाई सकाळी दूध काढायला आली ती हळदीकुंकवाची कोयरी घेऊन. पाइपापाशी दगड ठेवला, त्यावर चढली, आणि त्या पांढऱ्या गोळ्याला कुंकवाचं बोट लावून तिनं हात जोडले. मग रोजच. आधी लाईटीला कुंकू, मग शेळ्या, आणि सगळं उरकल्यावर बाजेवरच्या माणसाला चहा. सुग्रीव बाजेवरून बघत राहायचा. पस्तीस वर्षं वाडा राखला त्यानं, त्याच्या काठीला वर्षातून एकदा कुंकू, आणि ही कालची आलेली रोज पुजून घेतेय!

वर रतनबाई शेजारणीला म्हणाली, आणि सुग्रीवनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं, "लाईट आल्यापासून मला गं झोप निवांत लागती."

ते वाक्य त्याच्या काळजात काट्यासारखं मोडलं. म्हणजे आता खोकल्याची गरज नाही. त्या दिवसापासून त्याला दिसू लागलं की रतनबाई त्याच्या हाकेला वळतसुद्धा नाही. वाड्यावरून दोन-दोन हाका माराव्यात, आणि ती ओसरीवर पाठमोरी ज्वारी पाखडत बसलेली. पूर्वी एका हाकेत पदर सावरत यायची. बाई उतारवयात फितूर झाली, ती पण एका दिव्याला. त्याला राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी राग यायचा.

अशात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची ही घरोघरची रीत. रतनबाईनं कोयते, कुऱ्हाड, विळे, लोकर कापायची कातर, भागवतचा मोजकाटा आणि सत्यशीलाची पकड असं सगळं धुऊन अंगणात ओळीनं मांडलं. शेवटाला सुग्रीवची काठी. प्रत्येकाला झेंडूचं एकेक फूल. आणि मग कमरेवर हात ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "त्या लाईटीला मोठा हार केलाय म्या. तेवढी धुऊन घ्या जरा, मंग घालू."

काठीला एक फूल आणि लाईटीला हार! सुग्रीव उठला. त्यानं तांब्या घेतला. रतनबाई हार आणायला घरात गेली तशी शिडी लावली. रतनबाईला ओल्या फडक्यानं पुसणं अभिप्रेत होतं, हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. पण वर चढल्यावर तो पांढरा गोळा कुंकवानं लालेलाल होऊन त्याच्याकडं बघतोय असं त्याला वाटलं, आणि हात थांबेना. त्यानं अख्खा तांब्या वरून वतला. खाली उतरला, हौदातून दुसरा भरला, तोही वतला. देवाला अभिषेक करावा तसं, पण मनातून शिव्या देत.

"झाली आंघोळ," तो खाली येऊन म्हणाला. रतनबाईनं भक्तिभावानं हार चढवला.

दसऱ्याला लाईट लागली. दुसऱ्या दिवशी ती भर उन्हात नुसतीच लुकलुकत राहिली. तिसऱ्या दिवसापासून ठार.

सुग्रीवनं त्या दिवशी भाकरी एक जास्त खाल्ली. दोन वेळा खोकला. दिवेलागणीला बाजेवर पाय पसरून अंधारातल्या त्या पाइपाकडं बघत तो म्हणाला, "काय गं, कसं वाटतंय?" आता लोकांना कळेल वाडा कोण राखतं ते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागवत वाड्यावर आला, बाजेचं टोक धरून म्हणाला, "आबा, लाईट दुरुस्त होईस्तवर ही घरी न्यायची."

सुग्रीवला काही उमजेना. "आरं, लाईट न्हाई म्हणून तर मी पायजे ना हितं?"

"लाईट न्हाई तर तुमी बी न्हाई. आपलं तसंच ठरलंय."

"कुणाशी ठरलंय?"

भागवतनं ओसरीकडं एकदा बघितलं. मग तो बाज सोडून निघून गेला. मागून सत्यशीला आली. "मामा, एवढा दिवस थांबा. आज परळीला चाललेच हाय, नवा सेन्सर घिऊन येते. दुपारी बसवू," म्हणाली.

सुग्रीव दुपारपर्यंत मेंढरांमागं हिंडला, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लाईट जिवंत असली तरी त्याची जागा जाते, आणि मेली तरी जातेच. आपण हिला मारून मिळवलं काय?

चारच्या सुमाराला सत्यशीलानं शिडी लावली. भागवतनं घरातला मेन बंद केला. रतनबाई हातात कोयरी धरून खाली उभी, आणि सुग्रीव शिडीला धरून. सत्यशीलानं आधी टेस्टर लावून बघितला, मग जुन्या सेन्सरचे स्क्रू काढले. तीन वायरी सुटल्या. तिनं तो गोळा उलटा केला आणि त्यातून पाण्याची धार लागली. लाल पाणी. सुग्रीवच्या हातावरच पडलं.

"अगं बया, हे तर आत भरलंय समदं," ती म्हणाली. "पावसाचं न्हाई हे. पावसाचं आत जात न्हाई. वरून कुणीतरी वतलंय, आन् कुंकू बी संगं गेलंय."

भागवतनं आईकडं बघितलं. "आई, तुझी पूजा नडली बघ. रोज काय ते फासत होतीस. इजेची वस्तू हाय ती, देव न्हाई."

रतनबाईनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं, शब्द गोळा केल्यासारखे. मग तिचा चेहरा उतरला. "माझ्या हातनंच झालं व्हय?" ती म्हणाली. "म्या तर चांगल्यासाठी करत व्हते रं." तिनं कोयरी पदराआड लपवली.

सुग्रीवच्या तळहातावर लाल पाणी तसंच होतं. त्यानं ते धोतराला पुसलं. सत्यशीला वर नव्या सेन्सरच्या वायरी जोडत होती. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते, आणि तिसरी सेन्सरनं होय म्हटल्यावर लाईटीला देते, असं ती नवऱ्याला समजावत होती. चिकटपट्टी गुंडाळली, स्क्रू आवळले, आणि मग तिनं खाली बघून विचारलं, "मामा, आता तोंड कुणीकडं करू?"

हा प्रश्न सुग्रीवला. लांडगा येतो तो नाल्याच्या बाजूनं, वाऱ्याच्या उलट अंगानं. हे पस्तीस वर्षांचं ज्ञान त्याच्यापाशी, आणि ते आता ह्या गोळ्याला सांगायचं? त्याच्या मनात परत ते जुनं पेटलं. "रस्त्याकडं कर," तो म्हणाला. रस्त्याकडं बघत बसली की येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलीला लागत राहील, आठ दिवसांत सगळे वैतागतील.

सत्यशीला हसली. "रस्त्याकडं कशाला? पयल्यासारखंच करते." आणि तिनं तो गोळा फिरवला, खाली वाकवला, आणि बोटानं नेम धरल्यासारखा एका जागेवर आणून सोडला. सुग्रीवनं बघितलं. नेम बाजेवर होता.

"मेंढरं तिकडं हायेत, पोरी."

"मेंढरांसाठी न्हाईच ती, मामा." सत्यशीलानं जीभ चावली, सासूकडं बघितलं, आणि आता बोललेच आहे तर, अशा आवाजात पुढं म्हणाली, "आत्याबाईंनी बसवून घेतली. तुमी पडला तवापास्नं तुमचा ल्योक बाज घरी आणायच्या मागं व्हता. आत्याबाई म्हणल्या, घरात कोंडलं तर म्हातारा सा महिन्यात खचंल. त्येंना तिथंच राहू द्या, पर मला ओसरीवरून कळाय पायजे की माणूस उठला, हालला. तुमी पाय सोडला की लाईट लागती, ती बघून त्या कूस बदलत्यात. लाईट हाय तवर बाज तिथं, असं मायलेकाचं ठरलं. तुमाला सांगू नगा म्हणल्या. त्येंना पाळत ठेवल्यावानी वाटंल, म्हणल्या."

सुग्रीवनं शिडी सोडली. "पर माझा खोकला येतो की ऐकू!"

सत्यशीलानं नवऱ्याकडं बघितलं. मग भागवत हळूच म्हणाला, "आबा, आईला दोन वर्षं झाली, लांबचं ऐकू येत न्हाई. तुमाला ठाव न्हाई?"

नव्हतं ठाऊक. पाठमोरी ज्वारी पाखडणारी रतनबाई, न वळणारी रतनबाई, सगळी त्याला एकदम आठवली. पन्नास मेंढरांतली कोणती शिंकली ते डोळे मिटून सांगणारा माणूस, आणि घरातलं एवढं मोठं त्याच्या कानावरून गेलं होतं. रोज सकाळी ती कुंकू लावत होती ते लाईटीला नव्हतंच. ते तिच्या स्वतःच्या कपाळाचं कुंकू होतं, आणि त्यानं त्यावर दोन तांबे पाणी वतलं होतं.

तो रतनबाईजवळ गेला. खालमानेनं पुटपुटला, "पाणी म्या वतलं."

"काय?" रतनबाई म्हणाली.

"पाणी म्या वतलं. तुझ्या पूजेनं न्हाई."

"जरा मोठ्यानं बोला की वो. व्हटातल्या व्हटात काय?"

सुग्रीवनं आजूबाजूला बघितलं. भागवत, सत्यशीला, आणि बांधापलीकडं कान टवकारून उभा राहिलेला सोमेश्वर. इलाज नव्हता. जन्मभर माळावर हाका घातलेला तो गळा त्यानं पूर्ण उघडला.

"पाणी म्या वतलं! लाईटीवर! जळून वतलं! दोन तांबे!"

मेंढरं दचकून एका कोपऱ्यात गेली. पलीकडच्या घरातली बाई दारात आली. रतनबाईनं आधी डोळे मोठे केले, मग पदर तोंडाला लावला, आणि मग ती इतकी हसली की तिला शिडीचा आधार घ्यावा लागला. "लाईटीवर?" ती परत परत विचारत होती. "आवं, लाईटीवर?"

त्या संध्याकाळी बाज जागेवरच राहिली. दिवेलागण झाली, सुग्रीव बाजेवर टेकला, आणि मुद्दाम पाय खाली सोडला. लाईट लागली. ओसरीवर रतनबाईनं हात वर केला. त्यानं पाय वर घेतला, दीड मिनिट वाट पाहिली, अंधार झाल्यावर पुन्हा सोडला. ओसरीवर पुन्हा हात. चौथ्या वेळी तिकडून आवाज आला, "झोपा की आता!" आणि तो झोपला.

सकाळी रतनबाई कोयरी घेऊन आली. पाइपापर्यंत गेली आणि थांबली. नव्या गोळ्याला काही फासायचं नाही, अशी सुनेची सक्त ताकीद होती. बोटावर कुंकू घेतलेलं, आता ते कुठं लावावं कळेना. ती तशीच बोट वर धरून उभी राहिली.

सुग्रीव बाजेवरून उठला, तिच्यासमोर आला, आणि डोक्याचा पटका काढून खाली वाकला.

"हितं लाव," तो मोठ्यानं म्हणाला. "आन् उद्यापास्नं आधी हितं."